सीझन संपल्यावर आधी कोणाच्या घरी जावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. गोव्यात कळंगुटच्या हॉटेलात नोकरी, राहायला म्हापशाला, मूळ घर केप्याला. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत सीझन, रजा नावालाच. या एका सीझनमध्ये घरातलं जवळजवळ सगळंच हुकलं. डिसेंबरच्या सुरुवातीला बहिणीला मुलगी झाली, तिचं बारसं तुमच्याच घरी झालं आणि तुम्ही नव्हता. त्याच महिन्यात मडगावला चुलतभावाचं लग्न झालं. जानेवारीत डिचोलीच्या आजीची पंचाहत्तरीची शांत झाली. फेब्रुवारीत काका गेले, म्हणजे ज्या भावाचं लग्न झालं त्याचेच वडील. त्यांच्या अंत्यविधीलाही पोचता आलं नाही, बाराव्यालाही नाही. शिवाय पर्वरीच्या मित्राची वास्तुशांत राहिली ती वेगळीच. आता पाऊस लागलाय, पंधरा दिवसांची रजा आहे. तुम्ही विचारता की सुरुवात कुठून करू, इतक्या उशिरा तोंड कसं दाखवू, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी सगळे जमतातच, तर तेव्हाच एकदम सगळ्यांना भेटलो तर चालेल का.

मी फोंडा तालुक्यात भिक्षुकी करतो. बारशापासून वर्षश्राद्धापर्यंत लोकांच्या घरी मी असतोच, आणि कोण वेळेवर आलं, कोण मागाहून आलं, कोण आलंच नाही, हे नकळत डोळ्यांसमोरून जातं. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न क्रमाचा नाहीच. क्रम कागदावर कोणीही लावून देईल. तुम्हाला अडवतोय तो संकोच. संकोच असला की माणूस सगळ्यात सोपं घर आधी गाठतं आणि अवघड घर उद्यावर टाकतं, नाहीतर सगळ्या भेटी एका गर्दीच्या दिवशी उरकून टाकायचं ठरवतं. चवथीची कल्पना तिथूनच आली असावी.

चवथीला भेटून भागेल असं मला वाटत नाही. चवथ म्हणजे घरात पंचवीस-तीस माणसं, दारात चपलांचा ढीग, आरतीची गडबड. बायका स्वयंपाकघरात, पुरुष सोप्यावर, पोरं फटाक्यांत. काकींशी तुम्हाला दोन मिनिटं सलग बोलायला मिळणार नाहीत आणि त्यांनाही सगळ्यांदेखत डोळ्यांतलं पाणी आवरावं लागेल. शिवाय ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं तिथे सण कसा करायचा हे प्रत्येक कुटुंबाच्या रीतीवर असतं. कुठे अगदी साधेपणाने करतात, कुठे त्या शाखेची माणसं नुसती नमस्काराला येऊन जातात. तुम्ही ज्यांना भेटायचं म्हणता त्याच कदाचित तिथे नसतील.

काही गोष्टी मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. तुमच्या आणि काकांच्या घरांत पूर्वीपासून काही किंतु आहे का, लग्नाला आला नाहीत म्हणून कोणी उघड बोललं का, तुमचं लग्न झालंय का आणि बायको बरोबर येणार का, घरात वार पाळतात का, या सगळ्यावर बारकावे बदलतील. ते आईला विचारा. घरातल्या रीतिभाती आणि रुसवेफुगवे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. पण मोठी दिशा मात्र ठामपणे सांगता येते: दुःखाचं घर आधी, मग ज्यांच्याकडे वेळ कमी आहे ते घर, आनंदाची घरं त्यानंतर.

म्हणून पहिली भेट काकींची, रजा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांचं घर केप्यालाच, म्हापशाहून साठेक किलोमीटर. २०२२ च्या डिसेंबरात जुवारीचा नवा पूल सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीला तासन्‌तास अडकून पडायचे दिवस गेले. सकाळी लवकर निघालात तर नऊ-साडेनऊला पोचाल. घरच्या कामांची पहिली गडबड संपलेली असते आणि जेवणाला वेळ असतो.

उशीर झाला म्हणून समाचाराला जाऊ नये, असं कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा. बातमी उशिरा पोचणार हे धर्मशास्त्राने धरूनच ठेवलंय. दहा दिवसांचं सुतक ज्यांना आहे त्या भाऊबंदांना मृत्यूची बातमी दहा दिवस उलटल्यावर कळली, तर तीन महिन्यांच्या आत तीन दिवस, सहा महिन्यांच्या आत दीड दिवस, नऊ महिन्यांच्या आत एक दिवस आणि त्यानंतर नुसतं स्नान, अशी सोय आहे. आईवडिलांच्या बाबतीत मात्र बातमी केव्हाही कळो, मुलाला पूर्ण दहा दिवस. तुम्हाला बातमी वेळेवर कळली होती, त्यामुळे सुतकाचा प्रश्न आता उरलेला नाही. तरी हा विचार ध्यानात घ्या. माणूस परमुलखात असेल, वाट लांबची असेल, हे जुन्या लोकांनी जाणलं होतं. उशिरा कळलेल्याला त्यांनी दार बंद केलं नाही, त्याच्यासाठी वेगळी रीत लावून दिली. आणि नातं जितकं जवळचं, तितकं ते उशिराने सुटत नाही.

दुसरी गोष्ट मी घराघरांत पाहिलेली. बारा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. चुलीवर सतत चहाचं आधण, सोप्यावर खुर्च्या, रात्री झोपायला कोणी ना कोणी. चौदाव्या दिवशी शेवटची गाडी अंगणातून निघते आणि मग घर एकदम मोकळं होतं. खरी पोकळी तिथून पुढे जाणवायला लागते. मासिकाला, म्हणजे दर महिन्याच्या श्राद्धाला, मी जातो तेव्हा बाईमाणूस मला सांगते, "भटजी, आता कोण येत नाही हो." तुम्ही चौथ्या-पाचव्या महिन्यात जाताय. गर्दीत गेला असता तर शंभरातले एक झाला असता. आता तुम्ही त्या दिवशी आलेले एकटेच असाल.

तिथे काय करायचं? सीझनचं एकदाच सांगा, एका वाक्यात: "काकी, तेव्हा यायला मिळालं नाही, फार लागलं मनाला." बस. मॅनेजरने रजा दिली नाही, हॉटेल फुल्ल होतं, बदली माणूस नव्हता, हे सगळं सांगत बसलात तर तुमची समजूत घालायचं काम त्यांच्यावर येतं. मग विचारा की काकांचं त्या दिवशी नेमकं काय झालं. आता कशाला आठवण काढायची, असं वाटून लोक हा प्रश्न टाळतात. पण ज्या माणसाने ती रात्र काढलीय त्याला ती सांगायची असते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ऐकणारं कोणी उरत नाही. काकी सांगतील तेव्हा मध्ये आपलं काही घालू नका. "म्हणजे तेव्हा डॉक्टर होते?" "मग?" एवढंच. एकच गोष्ट दोनदा सांगितली तरी दोनदा ऐका.

आणि डोळे उघडे ठेवा. एका घरी मी तिसऱ्या मासिकाला गेलो होतो. त्याच वेळी गेलेल्या माणसाचा पुतण्या मुंबईहून आला होता, बाराव्याला न आलेला. थोडा वेळ चुलतीजवळ बसला, मग सहज परसात गेला. पाहतो तर माडाखाली सुके नारळ पडलेले, काहींना कोंब फुटलेले. घरधनी होता तेव्हा पाडेल्याला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला, तो बोलवायचा. तो गेल्यापासून पाडेलीच आला नव्हता, आणि बाईला त्याचा नंबरही ठाऊक नव्हता. पुतण्याने शेजाऱ्याकडून नंबर मिळवला, दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवली, थांबला आणि नारळ उतरवून सोलून रचून मगच गेला. बाराव्याला आलेल्या कितीतरी जणांची नावं त्या बाईंना आज आठवत नाहीत. त्या पुतण्याचं नाव त्या अजून काढतात.

तुमच्या काकांच्या घरीही असं काहीतरी अडलेलं असणार. वीजबिल अजून त्यांच्या नावावर असेल, गॅसचं बुकिंग त्यांच्या मोबाईलवरून होत असेल, पावसाआधी छपराचे नळे नीट करायचे राहिले असतील. एखादंच काम घ्या, पण पुरं करा. जमीनजुमला, वारसांच्या सह्या, वाटणी हा विषय मात्र या भेटीत काढू नका. आपल्याकडे माणूस गेला की सगळ्या वारसांच्या सह्यांची कागदपत्रं येतातच आणि ती कधीतरी करावीच लागतील. पण ज्या दिवशी तुम्ही दुःखात वाटेकरी व्हायला गेलात त्याच दिवशी पिशवीतून कागद निघाले, तर तुम्ही कशासाठी आलात याबद्दल कायमचा संशय राहतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. त्याच घरात डिसेंबरात आलेली नवी सून आहे. लग्नाला तीन महिने व्हायच्या आत सासरे गेले. तुम्ही तिला आधी पाहिलेलंही नाही. लग्नाच्या शुभेच्छा कशा द्यायच्या, आहेर न्यायचा का, असं तुम्ही लिहिलंय. आहेर या भेटीत नेऊ नका. पेढे, मिठाईही नको. न्यायचंच तर फळं, चहापूड-साखर, घरात रोज लागणारं काहीतरी न्या. पण त्या मुलीला वगळू नका, हे मी हात जोडून सांगतो. अशा घरांत "पायगुण" हा शब्द कुजबुजला जातो. तोंडावर कोणी बोलत नाही, पण तिला ऐकू गेल्याशिवाय राहत नाही. मी आयुष्यभर हे काम करतोय. सुनेच्या पावलांनी सासऱ्याचं मरण येतं असं मानायला मला कुठेच आधार सापडलेला नाही. माणूस आजाराने जातो, वयाने जातो, अपघाताने जातो. त्या वीस-पंचवीस वर्षांच्या पोरीच्या माथी ते ठेवणं हा अन्याय आहे. ज्या घरात मला हे ऐकू येतं तिथे मी उघड बोलतो, मग दक्षिणा मिळो न मिळो.

तुम्ही दीर म्हणून तिच्याशी सगळ्यांसमोर, काकींसमोर बोला. तिचं माहेर कुठलं, शिक्षण काय, नोकरी करते का, हे विचारा. जमलं तर एक वाक्य काकींकडे बघून म्हणा: "काकांनी निदान सून घरात आलेली पाहिली, बरं झालं." एवढ्या एका वाक्याने त्या घरातली हवा बदलते, कारण तेच लग्न आता वेगळ्या बाजूने पाहिलं जातं. आहेर नंतर द्या. भावाला बाजूला घेऊन विचारा की वर्षभरात नवं वस्त्र, गोडधोड याबद्दल घरात काय पाळतात. मग त्या दोघांना म्हापशाला तुमच्या घरी जेवायला बोलवा, साधं वरण-भात-भाजी आणि घरच्या माणसांतच. आहेर तेव्हा हातात द्या. सहा महिन्यांनी दिला म्हणून कोणी परत करत नाही.

निघताना त्या घरातून "येतो" म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. नुसतं उठा आणि निघा. मात्र पुढच्या आठवड्यात फोन करा.

दुसरं घर डिचोलीच्या आजीचं, आणि तेही पहिल्या आठवड्यातच. पंचाहत्तराव्याला जी शांत करतात तिला ऐंद्री शांती म्हणतात. ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन येतं. हजार पौर्णिमांचा हिशोब साधारण ऐंशी वर्षं आणि दहाएक महिन्यांनी पुरा होतो. आजीला तो दिवस दिसावा अशीच आपण प्रार्थना करतो, पण ही शांत हुकली तर पुढची गाठू, असा हिशोब मनात धरू नका. या वयात एका पावसाळ्यात माणूस बदलून जातं. तुम्ही म्हणता आजीला कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर बोलणं होत नाही. म्हणजे तिच्या लेखी हे सगळे महिने तुम्ही नव्हताच.

तिच्यासाठी एक करा. शांतीचे फोटो मामाच्या किंवा मावसभावाच्या मोबाईलवर असतील. ते मागून घ्या, त्यातले दहा-बारा निवडून म्हापशात मोठ्या आकारात छापून घ्या आणि घेऊन जा. तिच्या ज्या कानाला चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि एकेक फोटो तिच्या हातात द्या. पंचाहत्तर दिवे कोणी ओवाळले, कोणती साडी, तांदळात कोणी काय ठेवलं, कोण जेवून गेलं, कोण रुसलं, हे सगळं ती तुम्हाला सांगेल. सोहळा हुकला खरा, पण तिच्या तोंडून तो ऐकायला मिळतो, आणि सांगताना तिलाही पुन्हा त्याचा आनंद होतो. नमस्कार करा, जेवून या. घाईत चहा घेऊन निघायचं असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

बहिणीच्या बाबतीत तुम्ही फार अपराधी वाटून घेताय. बारशाला मामा नव्हता याचं तिला वाईट वाटलं असेल, पण मामाचे मान पुढे रांगेने उभे आहेत. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात किंवा सातव्यात. मुलाचं सम महिन्यात, सहाव्यात किंवा आठव्यात. तुमच्या भाचीला जूनमध्ये सातवा लागलाय. उष्टावण बहुतेक घरांत मामाच्या मांडीवर बसवून करतात, खिरीचं पहिलं बोट मामाने चाटवायचं असतं. म्हणून हे वाचून झाल्यावर आज संध्याकाळीच बहिणीला वाळपईला फोन लावा आणि विचारा, उष्टावण झालं का? झालं नसेल तर म्हणा, "रजा आहे, चांदीची वाटी-चमचा मी आणतो, तुझ्या सासूबाईंना विचारून दिवस ठरव." दिवस त्यांच्या सोयीने ठरू दे. सासरच्या माणसांना विचारूनच सगळं व्हायला हवं. झालं असेल तर कान टोचताना भाचीला मांडीवर घ्यायचं आहे, पहिला वाढदिवस आहे. आणि काहीच निमित्त नसलं तरी जा. सात महिन्यांची मुलगी अनोळखी माणसाकडे पटकन येत नाही, म्हणून एक रात्र राहायला जा. सकाळपर्यंत ती तुम्हाला ओळखायला लागेल.

पर्वरीचा मित्र हाकेच्या अंतरावर आहे, मित्र आहे, आणि त्याचं घर तिथेच राहणार आहे. त्याच्याकडे रजा संपल्यावर एखाद्या संध्याकाळी गेलात तरी चालेल.

म्हणजे क्रम असा झाला: काकी, आजी, बहीण, मग मित्र. सगळं पंधरा दिवसांत बसतं आणि मधे चार-पाच दिवस मोकळेही राहतात. ते मोकळेच ठेवा. एका दिवसात दोन घरं धरू नका. डिचोली आणि वाळपई एकाच वाटेवर आहेत, मोह होईल, पण आजीकडून "अजून वाळपईला पोचायचंय" म्हणत उठलात तर तिथे गेल्याचं समाधान उरत नाही.

पंचांगाचंही तुम्ही विचारलंय. समाचाराला आणि वडीलधाऱ्यांच्या भेटीला मुहूर्त लागत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्न-मुंजी थांबतात, भेटीगाठी थांबत नाहीत. उलट जून-जुलै हा हॉटेलवाल्यांसाठी सोन्यासारखा काळ आहे. श्रावण लागला की घराघरांत आयतारांची म्हणजे रविवारांची पूजा, नागपंचमी, मग चवथीची तयारी, त्यानंतर पितृपक्ष, आणि नवरात्र आलं की तुमचा सीझन दारात.

आता पुढच्या सीझनबद्दल, कारण हे एकदाच निस्तरून चालणार नाही. पुढच्या आठ महिन्यांतले दोन दिवस आजच माहीत आहेत. एक, भाचीचा पहिला वाढदिवस, डिसेंबरच्या सुरुवातीला, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधी. दुसरा, काकांचं वर्षश्राद्ध. ते तिथीने होतं, तारखेने नाही. तिथी साधारणपणे मागच्या वर्षीच्या तारखेच्या दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मधे अधिक महिना आला तर उलट पुढे सरकते. तुम्ही फेब्रुवारीतली तारीख धरून रजा मागितलीत तर दिवस चुकेल. तुमच्या घरच्या भटजींना विचारून इंग्रजी तारीख लिहून घ्या आणि हे दोन दिवस रोस्टर लागायच्या आधी, ऑगस्टमध्येच, लेखी मागून ठेवा. आयत्या वेळी हॉटेलवाले रजा देत नाहीत. चार महिने आधी मागितलेली बहुतेक देतात, हे हॉटेलात काम करणाऱ्या माझ्या यजमानांनीच मला सांगितलंय. बाकीचं काही हुकलं तर त्याच आठवड्यात फोन करा आणि सीझन संपल्यावर जा. लोक समजून घेतात. वर्षश्राद्ध मात्र चुकवू नका.

आणि काकींकडे जाल तेव्हा, गोष्टी सांगून-ऐकून झाल्यावर, निघायच्या थोडं आधी विचारा की यंदा चवथीचं त्यांच्याकडे काय ठरलंय. गणपती असणार असेल तर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या चौकटीचं, सामान आतापर्यंत कोण आणायचं? बहुतेक काकाच आणत असणार. तुम्ही म्हापशात राहता, चवथीआधीचा शुक्रवारचा बाजार तुमच्या दाराशी आहे. सुपारीचे घड, आंबाडे, तोरंजन, चिबूड, कांगलां, सगळं तिथे मिळतं. काकींकडून यादी लिहून घ्या, किती फळं आणि कुठल्या बाजूला काय बांधतात तेही विचारा, आणि चवथीच्या आदल्या दिवशी सामान घेऊन त्यांच्या घरी जा, बांधायला.